बुवांचं बीपी

उतरणारं बीपी कोणालाही असतं. सकाळी एक गोळी घेतली, चहा प्यायला, विषय संपला. माझं बीपी तीन गोळ्या घेऊनही 170 च्या खाली यायला तयार नव्हतं आणि त्यामुळे सोसायटीत मला एक वजन आलं होतं. वार्षिक सर्वसाधारण सभेला आमच्याकडे कोरम भरत नाही. माझ्या बीपीवर बोलायला मात्र जिन्यात उभं राहून माणसं जमायची. "काल किती होतं?" असं कोणी विचारलं की मी जरा थांबून, आवाज खाली आणून सांगायचो, "एकशे बहात्तर, एकशे चार." समोरचा "बापरे!" म्हणायचा. त्या "बापरे"ची चटक लागते.

शहाडात राहणाऱ्याचं बीपी का वाढतं, याची कारणं शहाडात प्रत्येकाला पाठ आहेत. रिक्षावाल्याच्या मते उड्डाणपूल. कल्याण-मुरबाड रस्त्यावरच्या त्या पुलावर जो रोज अडकतो त्याचं बीपी नाही वाढणार तर काय पगार वाढणार? सेक्रेटरींच्या मते पाण्याचा टँकर आणि त्याची वर्गणी न देणारे सभासद. तळमजल्यावरच्या आजींच्या मते मी रात्री दही खातो ते. मेव्हण्याचं निदान सगळ्यांत सुटसुटीत होतं. तो म्हणाला, "दाजी, तुमचा स्वभाव." त्यावर ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "स्वभावाला औषध असतं तर मी लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच आणलं असतं."

डॉक्टरांच्या भाषेत माझ्या प्रकाराला रेझिस्टंट हायपरटेन्शन म्हणतात. तीन वेगवेगळ्या जातींची औषधं, त्यांतलं एक लघवी वाढवणारं, पुरेशा डोसमध्ये चालू आहेत आणि तरी दाब जागचा हलत नाही, तेव्हा हे नाव मिळतं. माझ्याकडे टेल्मिसार्टन होतं, ॲम्लोडिपीन होतं आणि लघवीची म्हणून क्लोरथॅलिडोन होती. आमचे फॅमिली डॉक्टर सज्जन माणूस. पण त्यांचा पहिला संशय गोळ्यांवर गेला नाही, माझ्यावर गेला. संशय शास्त्राला धरूनच होता, कारण न उतरणाऱ्या बीपीच्या बऱ्याच प्रकरणांत गोळी पाकिटातून बाहेरच आलेली नसते. हिची साक्ष झाली. "मी स्वतः हातावर ठेवते आणि पाणी पिऊन होईस्तोवर समोर उभी असते," असं तिने सांगितल्यावर डॉक्टरांनी विषय बदलला.

दुसरा संशय मोजण्यावर. मी बीपी मोजायचो स्टेशनजवळच्या केमिस्टकडे, पूल चढून उतरल्यावर, उभ्या उभ्या, शर्टाच्या बाहीवरूनच आणि अखंड बोलत. आकडा फुगवायचे जेवढे म्हणून मार्ग आहेत ते मी एका वेळी वापरत होतो. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकायची, पावलं जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला, पट्टा दंडाच्या मापाचा, आणि त्याआधी लघवीला जाऊन यायचं, असा नियम आहे. शेवटची अट ऐकून मला हसू आलं होतं. लघवीने पुढे माझी काय शोभा केली ते यथावकाश येईलच.

मग ठरलं चोवीस तास बीपी मोजणारं यंत्र लावायचं. दंडाला पट्टा, कमरेला डबी, मध्ये नळी. दिवसा दर अर्ध्या तासाने पट्टा आपोआप फुगतो. फुगत असताना हात सैल सोडून स्थिर ठेवायचा आणि बोलायचं नाही, एवढंच पथ्य.

आता हे पथ्य मला का जड गेलं ते सांगायला हवं. पोटासाठी मी फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत कारकुनी करतो, पण माझी खरी ओळख कसारा लोकलमधल्या भजनी मंडळाचा बुवा अशी आहे. विठ्ठलवाडी नावाचं स्टेशन रेल्वेने कर्जत लाइनवर दिलं, पण बिर्लांनी विठ्ठल-रखुमाईचं देऊळ बांधलं ते शहाडला, त्यामुळे खरा अधिकार आमचाच असं आम्ही कसारा लाइनवाले मानतो. मंडळी आसनगाव-टिटवाळ्याहून बसून येतात, मी शहाडला चढतो आणि त्या गर्दीतही माझ्यासाठी जागा राखलेली असते. हा मान गळ्याचा. तो टिकवायला मी फार जपायचो. सकाळी मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, फ्रिजचं पाणी बंद, तोंडात ज्येष्ठमधाची काडी, आंबट ताक वर्ज्य, झोपताना हळद-दूध. डॉक्टरांनी मिठाच्या गुळण्या ऐकल्या आणि ते खुर्चीत पुढे सरकले. "गिळत नाही ना?" नाही म्हटल्यावर पुन्हा मागे टेकले.

तर यंत्र लावलेल्या सकाळी डोंबिवली गेलं, गजर टिपेला पोहोचला आणि कमरेची डबी गुरगुरली. मी आज्ञाधारक माणूस. डावा हात सैल सोडला, टाळ खाली पडला. बोलायचं नव्हतं म्हणून अभंगही अर्ध्या ओळीवर सोडला. आता तुम्हीच बघा: बीपीचा जुना पेशंट, एक हात लुळा, वाचा बंद. पखवाजवाला ओरडला, "बुवांना लकवा मारला!" एकाने तोंडावर पाणी मारलं. दुसऱ्याने चप्पल काढून माझ्या नाकाला लावली. ती फिट आलेल्याला लावतात, लकव्याला नाही, आणि तिथेही तिचा काडीचा उपयोग नसतो, पण हे समजावून सांगायची ती वेळ नव्हती. तिसरा साखळीकडे झेपावला. मला काही झालेलं नाही हे तोंडाने सांगावं तर पट्टा अजून आवळलेला. मी डोळ्यांनी खुणावलं. "बघा, डोळे फिरवतायत," कोणीतरी हळहळलं.

त्या प्रसंगाची नोंद अहवालात आहे: 198/112. डॉक्टरांनी ती बाजूला ठेवली. "लोकलमधलं सोडून देऊ," ते म्हणाले, "पण पहाटे तीनला 158/96 आहे. तेव्हा तर कोणी चप्पल लावत नव्हतं? झोपेत दाब उतरायला पाहिजे, तुमचा उतरत नाही." थोडक्यात, माझं बीपी अस्सल होतं. संध्याकाळी ही बातमी मी जिन्यात सांगितली तेव्हा आवाजात थोडा अभिमान आलाच.

याच सुमारास मंडळातल्या एका काकांनी सर्पगंधेची पूड आणून दिली. मी ती घेतली नाही, पण तिच्यावर व्याख्यान दिलं. झाडपाला म्हणून हसू नका, असं मी म्हणायचो. मुंबईच्या केईएममधले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेवर लेख लिहिला, बीपीच्या पेशंटांना तिने कसा गुण येतो ते मांडलं, आणि मग जगाचं तिकडे लक्ष गेलं. पुढे याच मुळीतून रेसर्पिन निघालं. 1957 मध्ये डॉ. वकिलांना त्यासाठी अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. हे सगळं मी ठाणे ते घाटकोपरच्या दरम्यान रंगवून सांगायचो आणि शेवटी निष्कर्ष काढायचो की मुळीत ताकद असते. निष्कर्ष चुकीचा नव्हता.

मग पाय गेले. गेले म्हणजे रात्री पोटऱ्यांत गोळे यायला लागले आणि एका संध्याकाळी शहाड स्टेशनचा पूल चढताना मांड्यांनी मध्येच राजीनामा दिला. मागून कसारा लोकल भरून उतरलेली माणसं येत होती. शहाडच्या जिन्यावर थांबणं हा गुन्हा आहे. कठड्याला धरून उभा असताना मला जे ऐकायला मिळालं ते इथे छापता येणार नाही. एकाने मात्र "काका, बसा जरा" म्हणून हाताला धरून पायरीवर बसवलं आणि जाता जाता विचारलं, "बीपी का?" म्हणजे कीर्ती स्टेशनपर्यंत गेली होती तर.

रक्त तपासलं. पोटॅशियम 2.8. ते साडेतीनच्या वर हवं. डॉक्टर म्हणाले, लघवीची गोळी पोटॅशियम घालवते, ती बंद करू. बंद केली. केळी खाल्ली, शहाळी प्यायलो. वर पोटॅशियमचं सिरप सुरू झालं. त्याची चव अशी की घोट उतरल्यावर चेहरा मूळ जागी यायला वेळ लागतो. मी त्यावर उपाय काढला होता, सिरप घेतलं की लगेच ज्येष्ठमधाची काडी, चव गायब. एवढं करून महिन्याने पोटॅशियम 2.9. आता डॉक्टर खऱ्या अर्थाने गंभीर झाले. "गोळी बंद आहे तरी पोटॅशियम जातंय आणि दाब तसाच आहे. हे हार्मोनचं दिसतंय. मुंबईला एंडोक्रायनॉलॉजिस्टना दाखवा."

हार्मोन हा शब्द मी जिन्यात उच्चारायला नको होता. शेजाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सेक्रेटरी म्हणाले, "या वयात?" मेव्हणा रात्री मुद्दाम घरी आला, हिला चहा करायला आत पाठवलं आणि कुजबुजत विचारलं, "दाजी, ताईला कल्पना आहे ना?" हार्मोन म्हणजे आपल्याकडे एकच गोष्ट, ती पण दार लावून बोलायची. शरीरात मीठ किती ठेवायचं, पाणी किती ठेवायचं, नाडी किती ताणायची हेही हार्मोनच ठरवतात, हे त्याला समजावेस्तोवर चहा आला. तो निघताना म्हणाला, "ते सगळं ठीक आहे, पण कोणाला सांगू नका."

आता मात्र मी अभ्यासाला बसलो आणि जे वाचलं त्याने हरखून गेलो. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर ॲड्रिनल नावाच्या ग्रंथी असतात, जेमतेम चार-पाच ग्रॅमच्या. त्यांतून ॲल्डोस्टेरॉन निघतं. ते मूत्रपिंडाला सांगतं, मीठ धरून ठेव, पोटॅशियम सोडून दे. ग्रंथीत गाठ झाली किंवा ती फुगली की ॲल्डोस्टेरॉन सुटतं बेसुमार. मिठाबरोबर पाणी साठतं, दाब चढतो, पोटॅशियम वाहून जातं, स्नायू लुळे पडतात. 1954 मध्ये अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या डॉ. जेरोम कॉन यांच्याकडे चौतिशीतली एक बाई आली. बीपी चढलेलं, अंगात पेटके, मधूनच पाय लुळे. त्यांनी निव्वळ तर्काने ठरवलं की हा ॲड्रिनलचा उपद्व्याप आहे. शस्त्रक्रिया केली तर खरोखरच गाठ निघाली, ती काढली आणि बाई बरी झाली. तेव्हापासून या दुखण्याला कॉनचं नाव आहे. ॲल्डोस्टेरॉनचा शोध त्याआधी वर्षभरच, 1953 मध्ये, लागलेला.

बीपी, पेटके, पाय. सगळं जुळत होतं. मला कॉन झाला होता! रेझिस्टंट बीपीवाल्यांत साधारण पाचात एकाला हाच आजार निघतो असं पुढे वाचलं तेव्हा मी थोडा हिरमुसलो, कारण एवढे भागीदार मला नको होते. पण शहाडात तरी पहिला मीच असणार, असं धरून मी लोकलमध्ये गाठीबद्दल बोलायला लागलो. मंडळाने माझ्यासाठी बिर्ला मंदिरात अभिषेक बोलला. मी विरोध केला नाही.

मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयातल्या हार्मोनच्या डॉक्टर मॅडम वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी आधी माझ्या गोळ्या बदलल्या, कारण चालू असलेल्या बऱ्याच गोळ्या या तपासण्यांचे आकडे बिघडवतात. मग यादी दिली. ॲल्डोस्टेरॉन आणि रेनिन यांचं रक्त. रेनिन मूत्रपिंडातून सुटतं आणि एरवी ॲल्डोस्टेरॉनला कामाला लावतं. कॉनच्या आजारात ॲल्डोस्टेरॉन चढलेलं आणि रेनिन दबलेलं सापडतं, म्हणून दोघांचं गुणोत्तर बघतात. आणि दुसरं, चोवीस तासांची लघवी. ॲड्रिनालिनच्या घराण्यातली रसायनं तीत किती उतरतात ते बघायला, कारण ॲड्रिनलमध्ये आणखी एक गाठ होते, फिओक्रोमोसायटोमा नावाची, तीही बीपी भडकवते.

लॅबने पाच लिटरचा कॅन दिला. आत तळाला थोडं आम्ल घातलेलं, त्यामुळे थेट कॅनवर बसायचं नाही, आधी भांड्यात आणि मग ओतायचं, ही सूचना त्यांनी दोनदा दिली. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना गरज वाटली असावी. सकाळची पहिली टाकून द्यायची आणि तिथपासून दुसऱ्या सकाळच्या पहिलीपर्यंत थेंबही वाया जाऊ द्यायचा नाही. मी रविवार धरला. कॅन गार ठेवायचा होता. फ्रिजचं नाव काढल्यावर हिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी स्वतःहून बर्फाच्या बादलीचा पर्याय मांडला. दुपारी पाहुणे आले. मी तासातासाला उठून आत जात होतो आणि काहीतरी मिळवल्यासारखा बाहेर येत होतो. पाहुण्यांतल्या मामींनी हिला बाजूला घेऊन विचारलं, "सगळं ठीक आहे ना गं यांचं?"

सोमवारी सकाळी कॅन कापडी पिशवीत घालून मी शहाडला गाडीत चढलो. पिशवी जुनी, लग्नाच्या बस्त्यातली, तिचं तोंड बंद होत नव्हतं. कॅन पांढरट प्लास्टिकचा, आतला माल बाहेरून दिसणारा, रंगाने उत्तम. कल्याणला खिडकीजवळ एक गृहस्थ बसले. त्यांची नजर कॅनवर स्थिरावली.

"शेंगदाण्याचं का?"

"काय?"

"तेल. घाण्याचं दिसतंय. रंग बघा कसा आहे. मुरबाडहून आणलं?"

मी म्हणालो, "घरचंच आहे."

"व्वा! घरी घाणा आहे?"

इथे मी खरं सांगायला हवं होतं. पण आजूबाजूला पंधरा माणसं, त्यांत मंडळातली सहा, आणि गृहस्थांच्या चेहऱ्यावर इतकी आस्था. मी नुसती मान हलवली. डोंबिवलीपर्यंत भाव विचारून झाला. ठाण्यापर्यंत त्यांनी स्वतःच भाव ठरवला आणि तो चांगला होता. "हल्ली शुद्ध मिळतं कुठे," ते डब्याला उद्देशून म्हणाले आणि डब्याने दुजोरा दिला. घाटकोपरला त्यांनी कॅनचं झाकण उघडून वास घेण्याची इच्छा व्यक्त केली. मी पिशवी छातीशी धरली आणि म्हणालो, "झाकण उघडलं की खराब होतं." हे वाक्य वैद्यकीयदृष्ट्या निम्मं तरी खरं असावं. दादरला उतरताना त्यांनी मागून हाक मारली, "पुढच्या वेळी माझ्यासाठी पाच लिटर!" ते अजून अधूनमधून भेटतात. हंगाम संपला म्हणून सांगतो.

अहवाल आले. मॅडमनी ते वाचले, पुन्हा वाचले आणि पेन खाली ठेवलं. फिओक्रोमोसायटोमा नव्हता. रेनिन दबलेलं होतं. मी मनातल्या मनात कॉनसाहेबांना नमस्कार केला. "आणि ॲल्डोस्टेरॉन?" मी विचारलं.

"तेही दबलेलं आहे. जवळजवळ नाहीच."

मला समजेना. चोरी झाली आहे, ऐवज गेला आहे आणि चोर बिचारा आजारी पडून घरी आहे, अशातला प्रकार. मॅडम म्हणाल्या, "काका, बीपी पुन्हा बघू. बोलू नका. आणि तोंडातलं आधी काढा."

मी काडी काढून रुमालात ठेवली.

"काय आहे ते?"

"ज्येष्ठमध. गळ्यासाठी. मी गातो."

मॅडम पट्टा हातात घेऊन तशाच थांबल्या. "रोज?"

"रोज म्हणजे... कायम असतो तोंडात. रात्री कोमट पाण्यातून चमचाभर पूड. आणि ते तुमचं सिरप घेतल्यावर चवीला."

"मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, आणखी काही औषध घेता का?"

"हे औषध कुठे आहे? हे ज्येष्ठमध आहे."

मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्या मुलुंडहून लोकलने येतात, म्हणून त्यांनी मला लोकलमधूनच समजावलं. मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत एक फर्स्ट क्लासचा डबा आहे, पास आहे ॲल्डोस्टेरॉनकडे. पण फलाटावर कॉर्टिसॉल नावाच्या दुसऱ्या हार्मोनची तुडुंब गर्दी, ॲल्डोस्टेरॉनच्या शेकडो पट. त्यालाही त्या दारातून आत शिरता येतं आणि शिरलं की तेही तेच करतं, मीठ धरतं, पोटॅशियम फेकतं. म्हणून दारात एक टीसी उभा असतो. तो म्हणजे एक एन्झाइम. येईल त्या कॉर्टिसॉलचं कॉर्टिझोन करून त्याला तिथे निरुपयोगी करून सोडतो. ज्येष्ठमधात ग्लिसिऱ्हायझिन असतं, साखरेच्या सुमारे पन्नास पट गोड. ते या टीसीला कामावरून उठवतं. मग गर्दी आत. मीठ इतकं साठतं की शरीर रेनिनही बंद करतं आणि ॲल्डोस्टेरॉनही. डबा खच्चून भरलेला आणि पासवाला घरी. म्हणून दोन्ही आकडे तळाला.

"म्हणजे गाठ नाही?" मी विचारलं.

"नाही."

"बारीकशी पण नाही?"

"काका, तुम्हाला ज्येष्ठमध झालाय."

परतीच्या गाडीत मी मोबाइलवर वाचत बसलो. माझ्यासारखे पूर्वीही होऊन गेलेत. 1946 मध्ये रेव्हर्स नावाच्या डच डॉक्टरांनी पोटाच्या अल्सरवर ज्येष्ठमधाचा अर्क दिला, अल्सरला गुण आला, पण काही पेशंटांच्या अंगाला सूज चढली. टीसीची भानगड 1987 मध्ये एडिंबराच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये उलगडली. 2020 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका बांधकाम कामगाराची हकिगत छापून आली. तो आठवडेच्या आठवडे ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या रोज पिशवी दीड पिशवी खायचा. पोटॅशियम घसरून हृदय बंद पडलं आणि तो गेला. वय 54. तिथे मी मोबाइल बंद केला. युरोपात दिवसाला 100 मिलिग्रॅम ग्लिसिऱ्हायझिनच्या वर जाऊ नका असं सांगतात, आणि 2024 मध्ये स्वीडनच्या लिंशोपिंगमधल्या अभ्यासात तेवढ्यानेही काहींचा दाब वाढलेला दिसला. मी किती खात होतो याचा हिशेब मी केलेला नाही. करणारही नाही.

यात ज्येष्ठमधाचा दोष मी मानत नाही. वैद्य देतात तेव्हा मात्रा सांगतात, मुदत सांगतात. माझी मात्रा खिशाच्या मापाची होती आणि मुदत गळा असेपर्यंत. सर्पगंधेने बीपी उतरतं यावर ठाणे ते घाटकोपर प्रवचन देणाऱ्या माणसाच्या तोंडात त्या वेळी दुसरी मुळी होती आणि ती उलटं काम करत होती, हे आता मला कोणी सुनावलं नाही तरी रोज ऐकू येतं.

मंडळाला सांगणं सगळ्यांत अवघड गेलं, कारण सकाळी गाडीत बसलं की माझ्या डबीतून काड्या वाटल्या जायच्या. बुवांचा प्रसाद म्हणायचे त्याला. पखवाजवाल्याला मध्यंतरी बीपीची गोळी सुरू झाली होती आणि त्याच्या पायांना सूज यायची, तेव्हा मी त्याला दोन काड्या जास्त दिल्या होत्या, माउलीचं नाव घेऊन. मी उभं राहून सगळं सांगितलं. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "बुवा, अभिषेकाचे पैसे तेवढे परत करा."

काडी बंद केल्यावर पोटऱ्या पहिल्या सुधारल्या. पोटॅशियम सिरपशिवाय वर आलं. दाब उतरायला काही आठवडे गेले, रेनिनला ताळ्यावर यायला त्याहून जास्त, कारण उठवलेला टीसी लगेच कामावर येत नाही. आता एक गोळी आहे, घरात काकांनाही बीपी होतं, तेवढा वाटा माझा. परवाचा आकडा 134/84. जिन्यात सांगितला तर सेक्रेटरी म्हणाले, "बरं," आणि टँकरवर बोलायला लागले.

मॅडमनी निघताना एक गोष्ट सांगितली, ती पुढे देतो. कॉनचा आजार मला निघाला नाही, पण बऱ्याच जणांना निघतो आणि वर्षानुवर्षं सापडत नाही, कारण कोणी बघत नाही. पोटॅशियम नेहमी कमी असतंच असंही नाही. सापडला तर त्यावर स्पायरोनोलॅक्टोनसारखी जुनी औषधं आहेत, एका बाजूला गाठ असेल तर शस्त्रक्रिया आहे. 2025 मध्ये अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने बीपीच्या सगळ्याच पेशंटांची ॲल्डोस्टेरॉन-रेनिन तपासणी सुचवली आहे. तेव्हा तीन गोळ्या नेमाने घेऊनही तुमचा आकडा हलत नसेल, तर गोळ्या मनाने बंद न करता डॉक्टरांना या तपासणीबद्दल विचारा. जाताना पिशवीत नुसती पाकिटं नेऊ नका. काढा, मुखवास, खोकल्याचं आयुर्वेदिक सिरप, चहाचा मसाला, कोणी दिलेली पूड, जे जे तोंडात जातं ते सगळं न्या आणि टेबलावर मांडा.

माझ्याकडे पाव किलो ज्येष्ठमध शिल्लक आहे, उत्तम प्रतीचा. गाणाऱ्या कोणाला हवा असेल तर फुकट देईन, पण येताना बीपी मोजून चिठ्ठी आणा.